अपुरी गोधडी

आमच्या घरी आलेल्या पाहुण्याला बसण्यापूर्वी लोकरीचे गुंडे उचलावे लागतात. खुर्चीवर नातवाचा स्वेटर, टेबलावर क्रोशाचा अर्धा रुमाल, पिशवीत वसतिगृहातील मुलांच्या कानटोप्या. आणि अगदी गेल्या वर्षापर्यंत कपाटावर गुंडाळून ठेवलेली आईची गोधडी.

एकाच वेळी एवढी कामे कशाला, असे घरचे विचारतात. आमचे उत्तर असे की, प्रत्येक कामाची वेळ निराळी असते. सुलट-उलट टाक्यांची कानटोपी संध्याकाळी मुलांचे पाठांतर ऐकतानाही विणता येते. टाके मोजावे लागणाऱ्या नक्षीला रविवारची शांत सकाळ हवी. क्रोशा एसटीच्या प्रवासात सोबत करतो. गोधडीला मात्र सगळी जमीन मोकळी लागते. म्हणून ती उन्हाळ्याच्या सुटीची वाट पाहत राहते.

या व्यवस्थेची किंमतही मोजावी लागते. स्वेटरची एक बाही आम्ही दिवाळीपूर्वी विणली, दुसरी संक्रांतीनंतर. मधल्या काळात हाताची वीण बदलली. टाके तेवढेच, ओळी तेवढ्याच, तरी दुसरी बाही बोटभर आखूड आली. सारी उसवावी लागली.

उसवता उसवता आजोबा आठवले. ते मुंबईच्या एका गिरणीत रिंग खात्यात होते. अधिक मजुरी मिळे ती साच्यांवर, विणाई खात्यात. पण तेथे अस्पृश्यांना प्रवेश नव्हता. धोट्यात नवी कांडी घातली की सुताचे टोक तोंडाने ओढून छिद्रातून बाहेर काढावे लागे, आणि आमच्या माणसाचे ओठ लागलेल्या धोट्याचा इतरांना विटाळ होई. १९२८ च्या गिरणी संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा अन्याय संपाच्या पुढाऱ्यांपुढे ठामपणे मांडला. हे आम्ही एम. ए. करताना वाचले, आजोबांनी कधी सांगितले नव्हते. त्यांची नात असलेले आम्ही आज सुईत ओवताना दोऱ्याचे टोक सहज ओठांत धरतो.

मग मनात आले, ज्यांना धाग्याला ओठ लावू दिला नाही, त्यांच्या घरात धागा अपुरा पडून राहावा काय?

आईने जुन्या लुगड्यांचे थर लावून ती गोधडी आरंभली होती. तीन बाजू शिवून झाल्या आणि तिचे हात कायमचे थांबले. ‘या सुटीत पुरी करू’ असे म्हणत आम्ही सहा सुट्या घालवल्या. वर्षावासानंतर मिळालेल्या कठिन चीवराचे कापड त्याच दिवशी कापून, शिवून, रंगवून पुरे करावे, असा विनयाचा दंडक आहे. वर्गात तो सांगताना आम्ही वेळेवरच भर देत असू. एका दिवसात ते साधते अनेक हातांमुळे, हे आमच्या ध्यानी उशिरा आले.

गेल्या वर्षी गोधडी शाळेत आणली. वसतिगृहाच्या मुली चारी बाजूंनी बसल्या. कित्येकींनी सुई प्रथमच धरली होती. तीन रविवारांत काम पुरे झाले.

आज ती गोधडी आजारी मुलींच्या खोलीत असते. आईचा टाका तांदळाएवढा, मुलींचा बोटाच्या पेराएवढा. आम्ही तो उसवला नाही.