सगळ्यांचं फोल्डर

सामाईक फोल्डर सगळ्यांना सताड उघडं असावं, या मताचा मी कित्येक वर्षं कट्टर होतो. साकोली तालुक्यातल्या शाळा, पतसंस्था, लहानसहान कार्यालयं यांचे संगणक एकमेकांना जोडून देणं हा माझा धंदा. कपाटावर एक छोटी पेटी ठेवायची, तिच्यात दोन हार्डडिस्क, राऊटरला एक वायर जोडायची, की सगळ्यांच्या फायली एका जागी. पेटी बसवायला अर्धा दिवस पुरतो. खरं काम त्यापुढचं असतं: कोणी काय पाहायचं, कोणी काय लिहायचं, कोणी काय खोडायचं. ते काम मी टाळत असे आणि त्याला विश्वास म्हणत असे.

सानगडीसारख्या गावात हे म्हणणं सहज खपतं. कार्यालयात बसणारी माणसं एकमेकांच्या घरच्या लग्नात वाढायला उभी असतात. त्यांच्यापैकी दोघांना फोल्डर उघडू द्यायचं आणि तिघांना नाही, म्हणजे तिघांचा अपमान, असं मला मनापासून वाटायचं. सोयही त्यातच होती. विंडोज एकाच पेटीशी एकाच वेळी दोन नावांनी बोलायला तयार नसतं. बाबूच्या संगणकावर मास्तर येऊन बसले की जुनं नाव आत तसंच राहतं, नवं नाव नाकारलं जातं, आणि माझा फोन ऐन जेवणाच्या वेळी वाजतो. त्यापेक्षा एकच नाव, एकच पासवर्ड, मॉनिटरच्या कडेला चिकटवलेली चिठ्ठी. फोन वाजत नाही.

मत बदललं ते या परिसरातल्या एका शाळेत. नववीच्या निकालाचं फोल्डर एके सकाळी जागेवर नव्हतं. शोधल्यावर ते शेजारच्या फोल्डरच्या पोटात सापडलं. माऊस ओढला गेला की असं होतं, सगळीकडे होतं. नुकसान शून्य. पण सापडेपर्यंतच्या वेळात सगळ्यांच्या नजरा मानधनावर काम करणाऱ्या ऑपरेटर मुलीकडे वळल्या होत्या. मी पेटीतली नोंदवही उघडली. फोल्डर कधी हललं ते मिनिटासकट होतं, आणि कोणी हलवलं त्या रकान्यात सगळ्यांचं ते एकच नाव. मुख्याध्यापकांचं तेच, शिपायाचं तेच, तिचंही तेच. ती म्हणाली, “मी नाही केलं सर.” तिच्या बाजूनं दाखवायला माझ्याकडे एक ओळ नव्हती.

कुलूप लावलं की माणसावर संशय घेतल्यासारखं होतं, असं मी मानत आलो होतो. इथे कुलूप नव्हतंच आणि संशय मात्र पुरेपूर होता. उघड्या दाराचा फायदा ज्यांची खुर्ची पक्की त्यांना मिळतो. ज्याची नोकरी दर वर्षी नव्यानं ठरते, त्याला निकालाच्या फोल्डरमध्ये खोडण्याचा अधिकार नसणं हेच त्याचं संरक्षण असतं. जिथे हात पोचूच शकत नाही, तिथला आळ त्या हातावर कसा येणार?

गंमत अशी की त्याच शाळेत कागदावर असला मोकळेपणा कधीच नव्हता. दाखलखारीज रजिस्टरमधली जन्मतारीख बदलायची तर शिक्षणाधिकाऱ्यांची मंजुरी लागते. त्यावरून कोणी मास्तर रुसल्याचं ऐकिवात नाही. आणि गावाचंच बघा. आमच्या भंडारा जिल्ह्यात मालगुजारी 1951 साली संपली, तलाव सरकारजमा होऊन माजी मालगुजारी म्हणजे ‘मामा तलाव’ झाले, पण गावच्या सामाईक हक्कांचं निस्तारपत्रक राहिलं. 1966 च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेत कलम 161 पासून ते आहे: गावच्या पडीत कोणाची गुरं कोणत्या अटीवर चरतील, लाकूड, सरपण, मुरूम, माती कोणी कशी न्यायची. पाण्याचा, वाटेचा, मासेमारीचा रिवाज कलम 165 च्या वाजिब-उल-अर्जमध्ये. ज्या गावात सगळे एकमेकांना ओळखत होते, त्याच गावात सामाईक गोष्टींचे हक्क लिहून ठेवलेले होते. मी पेटीत जे करायला लाजत होतो ते हेच निस्तारपत्रक.

मग मी त्या शाळेची मांडणी पुन्हा केली. प्रत्येकाला स्वतःचं नाव, पण परवानगी नावाला नाही, गटाला: कार्यालय, शिक्षक, परीक्षा. माणूस बदलला की गटातून काढायचा, दुसरा घालायचा. निकाल जाहीर झाला की ते फोल्डर सगळ्यांना फक्त वाचायला. ‘प्रवेश नाही’ हा पर्याय मी अजूनही शक्यतो वापरत नाही. एकच माणूस दोन गटांत असला तर बहुतेक पेट्यांत तो नकार बाकीच्या सगळ्या होकारांवर मात करतो, आणि दार का उघडत नाही हे शोधण्यात दुपार जाते. काहीच न देणं पुरेसं असतं.

एक ज्येष्ठ सर चिडले. “आता मले फाईल दुरुस्त करासाठी बाबूले विचारा लागन का गा?” हो, विचारावं लागेल. त्यांचं दुःख खोटं नव्हतं. पूर्वी एखाद्या पोराच्या नावातला ऱ्हस्व-दीर्घ चुकलेला दिसला की ज्याच्या नजरेस पडला तो जागच्या जागी दुरुस्त करी. आता तो सांगतो, दुसरा करतो, कधी विसरतो. हा तोटा मी नाकारत नाही.

मुख्याध्यापकांना मात्र समजवायला सोपं गेलं, कारण मे 2017 मधल्या वॉनाक्रायची बातमी त्यांना आठवत होती. फायली कुलूपबंद करून खंडणी मागणारे बरेचसे प्रोग्राम संगणकावर बसलेल्या माणसाच्याच परवान्यानं सामाईक पेटीपर्यंत पोचतात. ज्याला सगळीकडे लिहिता येतं, त्याच्या एका चुकीच्या क्लिकनं सगळीकडचं जातं. म्हणून रोजच्या कामाला त्यांनी स्वतःसाठीही साधंच खातं घेतलं आणि ॲडमिनचा पासवर्ड पाकिटात घालून तिजोरीत ठेवला.

तेव्हा त्या ऑपरेटर मुलीनंच विचारलं, “सर, तुमचं खातं?” माझं ॲडमिन खातं चालूच होतं, घरून कधीही आत जाता येईल असं. मी शाळेचा कोणीही नव्हतो. त्या दुपारी तिच्यासमोर ते बंद केलं. आता तिथे काही बिघडलं की मला प्रत्यक्ष जावं लागतं, पाकीट फुटेपर्यंत थांबावं लागतं, आणि पासवर्ड मुख्याध्यापक टाइप करतात तेव्हा मी खिडकीकडे बघतो. पेट्रोलचे पैसे मी बिलात लावतो.