ताटात भाकरी वाढा, भीती वाढू नका

आपल्या वस्त्यांत मुलांच्या शिक्षणावर, नोकरीवर, घराच्या कर्जावर तासन्‌तास बोलणे होते. पण मूल जेवताना का रडते, शेजाऱ्यांकडे हावरटासारखे का खाते, शाळेत डबा झाकून का खाते, हा प्रश्न ‘बायकांचा’ म्हणून सोडून दिला जातो. आम्हा नवराबायकोला वाटते की हा साऱ्या घराचा प्रश्न आहे, आणि त्याला आपला इतिहासही चिकटलेला आहे.

आमच्या मुलांची आजी लहानपणी आपल्या आईबरोबर गावात भाकरी मागायला जात असे. मार्च १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी आपल्या माणसांना मेलेल्या जनावराचे मांस आणि उष्टे तुकडे सोडायला सांगितले. ते सांगणे नुसत्या पोटाविषयी नव्हते, मानाविषयी होते. आजीच्या घरात ते उशिरा पोहोचले, पण पोहोचल्यावर मागणे बंद झाले. त्यानंतर कित्येक रात्री पाणी पिऊन झोपावे लागले, असे ती सांगते. पुढे १९७२ च्या दुष्काळात तिने खडी फोडली, रेशनवरचा तांबडा मिलो खाल्ला आणि पोराला सुकडीवर वाढवले. अशा बाईला ताटातला उरलेला घास बघवत नाही. यात तिचे काय चुकले?

पण तिच्या नातवंडांची गोष्ट वेगळी आहे. घरात दोन वेळचे शिजते. धाकटी अर्धी भाकरी खाऊन ‘पोट भरलं’ म्हणाली की आजी म्हणे, ‘लेकरा, ह्या भाकरीसाठी आम्ही गाव पालथं घातलं. खा गपचूप.’ मुलगी डोळ्यांत पाणी आणून घास गिळू लागे. भुकेची आठवण मुलीला जरूर कळावी, पण तिची शिक्षा मुलीच्या पोटाला का?

आम्ही आजीजवळ बसून बोललो. तिचे म्हणणे एवढेच होते की अन्न उकिरड्यावर जाता कामा नये. मग ठरले की मुलांना वाढताना चतकोर भाकरी आणि पळीभर कालवणच वाढायचे. भूक असेल तर मूल पुन्हा मागेल. मागितले तर हात आखडायचा नाही, नको म्हटले तर भरवायचे नाही. पंधरा दिवसांत आजीच सांगू लागली की आता टोपलीत काही जात नाही. वादही मिटला.

हेच एलिन सॅटर या अमेरिकन आहारतज्ज्ञ बाईंनी १९८० च्या दशकात पालकांना सांगितले होते. काय खायचे, कधी आणि कुठे बसून, हे मोठ्यांनी ठरवावे. किती खायचे, हे मुलाला ठरवू द्यावे. अंगावरचे मूल पोट भरले की तोंड फिरवते. ही जाण ते जन्मतःच घेऊन येते. आपणच ‘आणखी एक घास’ करत ती बुजवतो.

संयुत्तनिकायात कोसलचा राजा पसेनदी याची गोष्ट आहे. तो एकदा तडस लागेपर्यंत जेवून धापा टाकीत भगवान बुद्धांकडे आला. बुद्धांनी त्याला लाजवले नाही, उपासही सांगितला नाही. जेवणात मात्रा जाणावी, एवढेच सांगितले. जेवताना याची आठवण करून द्यायला राजाने एक तरुण नेमला, आणि त्याचा आहार हळूहळू बेताचा झाला. राजाला जे पुन्हा शिकावे लागले, ते आपल्या लेकरांकडून हिरावून घेऊ नये, एवढेच आमचे म्हणणे.

लालूच दाखवण्याचेही तसेच आहे. ‘भाजी संपव, मग चॉकलेट देते,’ असे म्हटले की भाजी ही शिक्षा आणि चॉकलेट हे बक्षीस, असे मूल शिकते. नव्या भाजीची चव लागायला मुलाला ती आठ-दहा वेळा तरी चाखावी लागते. एकदा थुंकली म्हणून सोडून देऊ नये आणि मारूही नये. पाच रुपयांच्या कुरकुरीत पाकिटाला आम्ही साफ बंदी केली नाही. बंदी केली की मूल ते चोरून खाते. बाजारच्या दिवशी एक पाकीट येते, सगळे वाटून खातात. मूल मात्र वाळू लागले, वजन वाढेना, तर घरगुती उपाय करत न बसता अंगणवाडीत वजन करावे आणि डॉक्टरांना दाखवावे.

आता डब्याविषयी. मुलगी चौथीत असताना तिने डब्यात भाकरी आणि सुकटीची चटणी नेली. शेजारची मुलगी नाक दाबून उठून गेली. संध्याकाळी ही म्हणाली, ‘मला उद्यापासून चपाती-बटाटाच द्या.’ काही दिवसांनी शाळेकडून सूचना आली की डब्यात शाकाहारी पदार्थच आणावेत. आम्ही दोघे शाळेत गेलो. आवाज न चढवता विचारले, ‘बाई, आमच्या घरचे अन्न वाईट आहे, असे मुलीला सांगायचे का?’ वर्गशिक्षिका बाईंनी ऐकून घेतले. सूचना मागे घेतली गेली नाही, पण पुन्हा कोणी बोललेही नाही. उकडलेले अंडे डब्यात जात राहिले. घरी आम्ही मुलीला सांगितले की सुकट, बोंबील, वजडी हे आपल्या माणसांनी गरिबीतही चवीने रांधलेले अन्न आहे. शाहू पाटोळे यांनी ‘अन्न हे अपूर्ण ब्रह्म’ या २०१५ सालच्या पुस्तकात अशाच रांधपाची नोंद केली आहे. ते आम्ही घरात ठेवले आहे. ज्या मुलाला घरच्या अन्नाची लाज वाटते, त्याला पुढे घरच्या माणसांचीही वाटू लागते.

अंड्यावरून आठवले. नोव्हेंबर २०२३ मध्ये महाराष्ट्रातील शालेय पोषण आहारात आठवड्यातून एकदा अंडे देण्याचा निर्णय झाला, आणि जानेवारी २०२५ मध्ये सरकारने त्याचा निधी थांबवला. ज्या मुलाला घरी अंडे मिळत नाही, त्याचे ते अंडे गेले. शाळा व्यवस्थापन समितीवर आपले जे पालक आहेत त्यांनी हा विषय बैठकीत काढलाच पाहिजे. ‘मुलाचे पोट ठरवील’ हे म्हणायला आधी ताटात काही असावे लागते.

शेवटी भगिनींना आणि त्याहून अधिक बंधूंना एक विनंती. घरातली आई सगळ्यांच्या मागून उरलेसुरले खाते, मुलाला सुकटीचा मोठा वाटा आणि मुलीला नुसता रस्सा मिळतो. हे मुले रोज बघतात आणि शिकतात. आमच्या घरी रात्री सगळे एकत्र बसतात, त्यात आजीही असते. वाढण्याचे काम पुरुषमाणसाकडे आहे. तुमच्या घरी याच आठवड्यापासून एवढे करून पाहा, आणि विहारातल्या रविवारच्या बैठकीत काय अनुभव आला तो एकमेकांना सांगा.