पणजीची कुंची

आमच्या घराण्याची वंशावळ मला कागदावर कधी सापडली नाही. जे काही आहे, ते या कुंचीत. करजगीच्या घरी पणजीनं ती हातानं शिवली. वर गुळेदगुड्डचा खण, आत तिच्याच वापरून मऊ झालेल्या लुगड्याचं अस्तर, कारण नवं कापड बाळाच्या टाळूला टोचतं. कडेला बारीक, दाट धावदोरा. तो मी आज कितीतरी वेळ बोटांनी चाचपत बसले.

आजोबा सोलापूरच्या गिरणीत कामाला गेले आणि कुंची त्यांच्याबरोबर गेली. १ नोव्हेंबर १९५६ला गुलबर्गा, बिदर हैदराबाद राज्यातून म्हैसूर राज्यात आले. घरातली अर्धी माणसं नव्या सीमेच्या इकडे, अर्धी तिकडे. बोलीत कन्नड मिसळत राहिली. पण बारसं कुठंही असो, आत्या बाळाच्या कानात नाव सांगायची ती याच कुंचीत. माझंही तसंच.

आता भाचीचं बाळ पुण्यात आहे. ‘मावशी, नवीनच विकत घेऊ का?’ म्हणाली. मी नको म्हटलं. अस्तर विरलंय, ते आईच्या सुती साडीचं लावीन. खणाला मात्र हात लावणार नाही.