संकष्टीच्या दिवशी मनोरी

मालाडमध्ये जन्म गेला, पण खाडीपलीकडच्या मनोरीला कधी गेले नव्हते. वीकेंड म्हटलं की आमची झेप थेट अलिबाग नाहीतर लोणावळा! शेवटी एका रविवारी आम्ही तिघी मैत्रिणी निघालो. सकाळी आईने आठवण केली, "आज संकष्टी आहे गं." मी म्हटलं, "बरं," आणि सटकले.

मालाड स्टेशनहून बसने मार्वे, तिथून बोटीने काही मिनिटांत खाडीपार. बॉस, मुंबईतच आहोत यावर विश्वास बसेना! क्रॉस, कौलारू घरं, बांबूंवर वाळणारे बोंबील. 1739 पर्यंत हा भाग पोर्तुगीजांकडे होता, त्या खुणा अजून दिसतात.

किनाऱ्याने चालत टोकाशी गेलो. समुद्रात शिरलेले खडक साडेदहाला कोरडेठाक होते. उड्या मारत पार पुढे जाऊन बसलो. समोर फक्त पाणी. फोटो, थेपले, ऑफिसच्या कुचाळक्या. वेळ कसा गेला कळलंच नाही.

"ए पोरींनो, उठा!" कालवं काढून परतणारी एक मावशी ओरडत होती. मागे वळून पाहिलं तर आल्या वाटेवर पाणी! मावशीच्या मागोमाग, चपला हातात घेऊन, गुडघाभर पाण्यातून बाहेर आलो. एकीचा पाय घसरलाच. मावशीने दंड धरला म्हणून वाचली. सगळ्यांचीच हवा टाइट!

"आज चतुर्थी ना? मग तीनला भरती," मावशी म्हणाली. "तिथीला तिनाने गुणायचं, चाराने भागायचं." चार त्रिक बारा, भागिले चार, तीन. भरती रोज साधारण पाऊण तास पुढे सरकते, त्याचाच हा हिशेब. अंदाज असला तरी कोळ्यांचं रोजचं काम त्यावर चालतं. आम्ही मात्र तीन स्मार्टफोन घेऊन गेलो होतो आणि एकीनेही भरतीची वेळ पाहिली नव्हती.

रात्री घरी आले तेव्हा आई उपास सोडायला चंद्राची वाट बघत होती. स्वयंपाकघरातल्या 'कालनिर्णय'वर तिथी ठसठशीत छापलेली. रोज डोळ्यांसमोर असूनही मी ती कधी वाचलीच नव्हती. आईला सगळं सांगितलं. ती एवढंच म्हणाली, "सकाळी सांगितलं होतं की!"

आता पुढचा बेत अष्टमीचा. आठ त्रिक चोवीस, भागिले चार, सहा. म्हणजे भरती सहाला आणि दुपारी बाराच्या सुमारास खडक मोकळे. तुम्ही गेलात तर टोपी न्या, भरतीची वेळ नीट तपासा आणि निघण्याआधी आईचं ऐका!