तेवढंच तांबं, दुप्पट वेढे!

सहा व्होल्टच्या हॉर्नला बारा व्होल्ट दिले तर काय होतं? वाजतो! असा वाजतो की गल्लीतली कुत्री पळतात. आणि मग जळतो. एवढ्याच ज्ञानावर मी आजवर खुशाल जगत होतो, याचंच आता नवल वाटतंय.

मामांकडे विलीजची जीप आहे, दुसऱ्या महायुद्धाच्या काळातली. मूळ वायरिंग ६ व्होल्टचं. ती त्यांनी १२ व्होल्टवर नेली, कारण हल्ली ६ व्होल्टची गाडीची बॅटरी मागितली की दुकानदार आधी आपल्या तोंडाकडे बघतो. बल्ब बदलले, डायनॅमोच्या जागी अल्टरनेटर आला. राहिला हॉर्न. "नवा घेऊन टाका ना मामा," मी म्हटलं. त्यांनी माझ्याकडे असं काही पाहिलं की मी मुकाट स्क्रू ड्रायव्हर आणायला गेलो.

आणि तो हॉर्न उघडला मात्र! कडेचे गंजलेले स्क्रू, चुरा झालेलं कागदी पॅकिंग, त्याखाली पातळ पोलादी पडदा. पडद्याच्या मधोमध लोखंडाचा ठोकळा, समोर कॉइल, बाजूला पॉइंट. बटण दाबलं की कॉइल ठोकळ्याला ओढते. ओढला जाता जाता तो पॉइंट उघडतो. करंट तुटतो, पडदा मागे येतो, पॉइंट परत चिकटतो. सेकंदात शेकडो वेळा! म्हणजे आपण फक्त बटण धरून ठेवायचं, बाकीची उघडझाप त्याची तो करतो. हे मला कुणी आधी का नाही सांगितलं?

मधे एक रेझिस्टन्स टाकून अर्धे व्होल्ट त्यातच जिरवावेत, असं मला सुचलं होतं. पण हिशोब मांडला: हॉर्न १० अँपिअर घेतो म्हणू, तर ०.६ ओहमचा रेझिस्टन्स लागेल आणि बटण दाबून धरलंय तोवर त्यात ६० वॉट नुसते तापण्यात जातील. दोन जुने हॉर्न सिरीजमध्ये जोडणं त्याहून वाईट, कारण एकाचा पॉइंट उघडला की दुसऱ्याचाही करंट तुटतो आणि दोघंही अडखळतात. हॉर्न क्षणभरच वाजवायचा असतो, तेव्हा द्या तसेच बारा, असंही काहीजण सांगतात. ते आपल्याकडच्या रस्त्यांवर गाडी चालवत नसावेत.

शेवटी कॉइल घेऊन पंपाच्या मोटारी भरणाऱ्या दुकानात गेलो. तिथल्या काकांनी कॉइलवरची तपकिरी झालेली सुती पट्टी सोडवली, तार उलगडली, वेढे मोजले. ८० वेढे, १९ गेज. "२२ गेजनी १६० भरू," म्हणाले. कागद नाही, पेन्सिल नाही. मी घरी येऊन गणित करत बसलो आणि अक्षरशः उठून फेऱ्या मारायला लागलो!

बघा हं. १९ गेजची तार साधारण १ मिलिमीटर जाड, २२ ची ०.७. छेद निम्मा, म्हणून तेवढ्याच जागेत दुप्पट वेढे मावतात. तार दुप्पट लांब आणि छेदाने निम्मी, म्हणजे रेझिस्टन्स चौपट. व्होल्ट दुप्पट, रेझिस्टन्स चौपट, म्हणून करंट निम्मा. निम्मा करंट, दुप्पट वेढे: ओढ तेवढीच! चार पैलवानांऐवजी आठ साधे भोई लावले, पालखी तशीच उचलली गेली. पण खरी गंमत पुढेच आहे. कॉइलचा इंडक्टन्स वेढ्यांच्या वर्गाने वाढतो, म्हणजे तोही चौपट. रेझिस्टन्स चौपट, इंडक्टन्सही चौपट, म्हणून करंट चढायला लागणारा वेळ जुन्याइतकाच. पडदा तोच, वेळ तोच, मग आवाजही तोच! पॉइंटमधून मात्र निम्माच करंट जातो. आणि तांब्याचं वजन? जवळजवळ तेवढंच. काकांनी जुनी तार तराजूत टाकली आणि नवी मोजून दिली, तेव्हा मी काटा बघत उभा होतो.

हातानं फिरवायच्या यंत्रावर कॉइल भरली गेली, वर पट्टी, मग वॉर्निश. ते नीट सुकेपर्यंत हॉर्न जोडायचा नाही अशी ताकीदही मिळाली. मामांनी मग अँमीटर मधे लावून मागचा स्क्रू पाव-पाव आटा फिरवला. आधी नुसता टक् आवाज, मग घोगरी घरघर, मग एकदम खणखणीत! शेजारच्या आजी गॅलरीत आल्या.

आता मला फोर्डची मॉडेल ए हवी आहे. निदान तिचा हॉर्न तरी! १९२८ ते १९३१ मधल्या या गाडीच्या हॉर्नमध्ये चक्क छोटी मोटार असते. ती दातेरी चाक फिरवते आणि दाते पडद्यावरच्या बटणाला घासून तो 'आऽऊगा' काढतात. ही क्लॅक्सनची तऱ्हा मिलर रीस हचिसन या अमेरिकन माणसाची, आणि त्यानं त्याआधी बनवलं होतं काय, तर बहिऱ्यांसाठी विजेवर चालणारं श्रवणयंत्र! त्यातली मोटार सिरीज वाइंडिंगची असेल तर बॅटरीची टोकं उलटी जोडली तरी ती त्याच दिशेनं फिरते, कारण फील्ड आणि आर्मेचर दोन्ही एकदमच उलटतात. तिला बारावर न्यायची तर दोन्ही भरावी लागणार. काकांना विचारलं. म्हणाले, आणा.