निम्मे घरीच बसले तर?

मुलांनो, वर्गाचा मॉनिटर कसा निवडतात हे तुम्हाला मी सांगायला नको. आमच्या चौथीच्या वर्गात चिठ्ठ्या टाकतात. कोणत्या दिवशी, ते आठवडाभर आधी फळ्यावर लिहिलेलं असतं. एका वर्षी नेमका त्याच दिवशी असा पाऊस लागला, की सगळ्या डिलाईल रोडवर पाणीच पाणी! पटावर ३८ मुलं आणि वर्गात १७. निवडून आला त्याला मतं पडली ९. दुसऱ्या दिवशी उरलेली २१ मुलं आली आणि एकच गलका झाला, "बाई, हे चीटिंग आहे! नऊ जणांचा मॉनिटर सगळ्या वर्गाचा कसा?"

प्रश्न साधा नाही बरं का. मोठ्यांच्या निवडणुकीतही तो येतोच. आपल्या मुंबईतलंच उदाहरण घ्या. २०२२ मध्ये अंधेरी पूर्वच्या आमदारांचं निधन झालं आणि ३ नोव्हेंबरला तिथे पोटनिवडणूक झाली. दुसऱ्या मोठ्या पक्षाने आपला उमेदवार मागे घेतलेला. निकाल काय लागणार हे सगळ्यांना आधीच ठाऊक! मतदारयादीत सुमारे २ लाख ७१ हजार नावं, पण मतदान झालं ३२ टक्क्यांच्याही आत. ऋतुजा लटके ६६,५३० मतं मिळवून निवडून आल्या. दुसऱ्या क्रमांकावर कोण असेल? कुणी उमेदवार नव्हे, तर 'नोटा', म्हणजे 'वरीलपैकी कोणीही नाही' हे बटण. त्याला १२,८०६ मतं! यादीतल्या साधारण चारातल्या एकाच मतदाराने लटकेबाईंना मत दिलं. मग त्या सगळ्या अंधेरी पूर्वच्या आमदार झाल्या का?

कायद्याने विचाराल तर झाल्या, पूर्णपणे झाल्या. आपल्याकडे आमदार-खासदार निवडताना अमुक इतकं मतदान झालंच पाहिजे अशी अटच नाही. पडलेल्या मतांत ज्याला सर्वांत जास्त, तो निवडून आला.

"मग अट घाला की!" तुमच्यातला एखादा हुशार मुलगा म्हणेल. घालून बघितली आहे काहींनी. सर्बिया नावाच्या देशात राष्ट्राध्यक्ष निवडताना निम्म्या मतदारांनी तरी मत द्यायला हवं असा नियम होता. २००२ साली निवडणूक झाली, मतं कमी पडली, रद्द. त्याच वर्षी पुन्हा झाली, पुन्हा रद्द. २००३ मध्ये आणखी एकदा, तीही रद्द! अखेर अट काढून टाकली, तेव्हा कुठे २००४ मध्ये राष्ट्राध्यक्ष मिळाला. गंमत बघा, अशी अट असली की घरी बसणाऱ्याची ताकद रांगेत उभं राहणाऱ्यापेक्षा जास्त होते. ज्याला हरायची भीती, त्याने आपल्या माणसांना सांगायचं, 'जाऊच नका.' की निवडणूक बाद. मला तरी हे पटत नाही. ऑस्ट्रेलियाने दुसराच रस्ता धरला. तिथे १९२२ मध्ये मतदान ६० टक्क्यांच्या खाली गेलं, म्हणून १९२४ मध्ये मत देणं सक्तीचं केलं. न देणाऱ्याला दंड! तेव्हापासून तिथे रांगा लागतात. पण दंडाच्या धाकाने आलेला माणूस विचार करून मत देतो का, हे आईबाबांना विचारा. जेवताना छान वाद होईल.

आता आमच्या वर्गाकडे येऊ. त्या २१ मुलांना मी एकेक करून विचारलं, "का नाही आलास?" एक म्हणाला, "झोपलो होतो." दोघे-तिघे म्हणाले, "कोण येणार ते माहीतच होतं." पण एक मुलगी म्हणाली, "बाई, मी दप्तर घेऊन निघाले होते. चाळीच्या दारापाशी माझ्या कमरेएवढं पाणी होतं. आईने परत ओढून नेलं." सगळा वर्ग गप्प झाला. झोपलेल्याची तक्रार आणि तिची तक्रार सारखी नाही, हे त्या नऊ-दहा वर्षांच्या मुलांना लगेच कळलं.

किती आले नाहीत यापेक्षा का आले नाहीत, हे आधी पाहायला हवं. २०१७ च्या एप्रिलमध्ये श्रीनगरच्या लोकसभा पोटनिवडणुकीत जेमतेम ७ टक्के मतदान झालं. त्या दिवशी हिंसाचारात आठ माणसं गेली. अंधेरीचा मतदार निकाल ठरलेलाच म्हणून घरी राहिला असेल, श्रीनगरमध्ये भीती होती, बहिष्कारही होता. दोन्हीकडचा निकाल कायद्याने खराच. पण त्यातून लोकांचं मन कळलं का? श्रीनगरचं तरी मला कळलं असं वाटत नाही.

आणखी एक गोष्ट. आम्हा शिक्षकांना निवडणुकीचं काम असतं. यादी पुढ्यात घेऊन नावं तपासायची, बोटाला शाई लावायची. त्या यादीत काय काय दिसतं! वारलेल्या आजोबांचं नाव तसंच. लग्न होऊन पनवेलला गेलेल्या ताईचं नाव तसंच. आमच्या भागात बीडीडी चाळींचं नवं बांधकाम निघालं, माणसं संक्रमण शिबिरांत पांगली. एक आजी टॅक्सी करून मत द्यायला आल्या आणि त्यांचंच नाव सापडेना. तेव्हा दक्षिण मुंबईत २००९ मध्ये सुमारे ४० टक्के आणि २०२४ मध्ये ५० टक्के मतदान झालं असं वाचाल, तेव्हा टक्के कशाचे काढले तेही विचारा. गणितात छेद चुकला तर उत्तर चुकतं ना?

खरं सांगू? कमी मतदानापेक्षा मला मतदानच न होण्याची काळजी जास्त वाटते. मुंबई महापालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि पुढची निवडणूक झाली १५ जानेवारी २०२६ रोजी. मधली जवळजवळ चार वर्षं एकही नगरसेवक नाही, कारभार प्रशासकाकडे. आमचा डिलाईल रोडचा पूल २०१८ च्या जुलैत बंद झाला, तो पूर्ण खुला व्हायला २०२३ चा नोव्हेंबर उजाडला. त्यातली शेवटची दीड वर्षं तक्रार घेऊन जायला वॉर्डाचा नगरसेवकच नव्हता. नऊ मतांचा मॉनिटर निदान सहामाहीनंतर बदलता तरी येतो!

आमच्या रस्त्याचं हल्लीचं नाव ना. म. जोशी मार्ग. नारायण मल्हार जोशी यांनी १९११ मध्ये सोशल सर्व्हिस लीग काढली, कामगारांसाठी झटले. १९२१ पासून अनेक वर्षं ते दिल्लीच्या मध्यवर्ती कायदेमंडळात कामगारांचे प्रतिनिधी होते. पण त्यांना निवडून कुणीच दिलं नव्हतं, सरकारने नेमलं होतं. कारण तेव्हा मत असायचं ते पैसा-मालमत्तावाल्यांना, गिरणीत राबणाऱ्याला नाही. मतदान शून्य टक्के म्हणा ना! तरी कामगार त्यांना आपला माणूस मानत. पुढे १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत घर, पैसा, शिक्षण काही न बघता २१ वर्षांवरच्या प्रत्येकाला मत मिळालं. इथल्या चाळींतल्या बायाबापड्यांनाही. जोशी तेव्हा हयात होते.