पापणीवरचा लाल ठिपका

नात तीन आठवड्यांची असताना तिच्या डाव्या पापणीवर मसुराएवढा लाल ठिपका दिसू लागला. जन्मतः तो नव्हता. ‘लासे असेल, जाईल आपोआप,’ असे म्हणून मी रक्तचंदन उगाळून लावू लागले. सुनेचे मन मात्र मानेना. ती दर रविवारी त्याचे छायाचित्र काढून ठेवी. सातव्या आठवड्यात तिने ती सारी छायाचित्रे माझ्यापुढे मांडली. ठिपक्याची आता मऊ, फुगीर गाठ झाली होती आणि डोळा अर्धाच उघडत होता.

‘कर्करोग तर नाही ना?’ त्वचारोगतज्ज्ञांना मी धास्तावून विचारले. त्यांनी गाठ हलकेच दाबून पाहिली आणि छायाचित्रांचा क्रम न्याहाळला. ‘नाही, आजी. ही रक्तवाहिन्यांची गाठ, हिमँजिओमा. जन्मानंतर काही आठवड्यांत उगवते, पहिले काही महिने झपाट्याने वाढते आणि मग वर्षानुवर्षे हळूहळू विरते. पुष्कळदा काहीच करावे लागत नाही. पण ही पापणीवर आहे. या वयात मेंदू पाहायला शिकत असतो. डोळा झाकलेला राहिला, तर त्याची दृष्टी कायमची मंद राहू शकते.’

माझे रक्तचंदन मला त्या क्षणी फार जड वाटले.

उपचार ऐकून मी चकित झाले. हातांच्या कंपासाठी मी घेते, तेच प्रोप्रानोलॉल! हृदयाच्या त्रासासाठी ते दिलेल्या एका बाळाची अशी गाठ ओसरल्याचे फ्रान्समधील बोर्दो येथील डॉक्टरांच्या ध्यानात आले आणि २००८ साली त्यांनी ते प्रसिद्ध केले. तरीही मोठ्यांची गोळी बाळाला कदापि देऊ नये. नातीचे हृदय तपासून, वजनानुसार मोजून द्रवरूप औषध सुरू झाले. ते दूध पाजतानाच द्यायचे. बाळ पीत नसेल किंवा उलट्या होत असतील, तर थांबवून डॉक्टरांना कळवायचे, कारण रक्तातील साखर घसरू शकते. ती जबाबदारी मी मागून घेतली.

काही आठवड्यांत डोळा पूर्ण उघडला. नेत्रतज्ज्ञांकडील तपासण्या अजून चालू आहेत. नात आता तीन वर्षांची आहे. पापणीवर फिकट खूण तेवढी उरली आहे.

बाळाच्या अंगावर नवे काही उगवले आणि वाढू लागले, तर तारीख लिहून ठेवा, छायाचित्र काढा आणि लवकर दाखवा. विशेषतः ते डोळा, नाक वा ओठांजवळ असेल, तर एक आठवडाही दवडू नका. माझ्या सुनेने दवडला नाही.